‘नॉर्मल’ लिहिलेला उन्हाळा

कूलर काढायचा म्हटलं की माझं डोकं उन्हाच्या आधी तापतं. वर्षभर मागच्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली उभा असलेला तो लोखंडी डबा ओढत खिडकीशी आणायचा, तळाला बसलेला पांढरा क्षार खरवडायचा, जाळ्यांतलं काळं पडलेलं गवत उपसायचं आणि आमच्या टाउनशिपच्या बाजारातून, सिविक सेंटरहून, नवं आणून भरायचं. गवताची कुसळं बनियनमध्ये शिरतात आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहतात. दर वर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी एसी. दर वर्षी माझी बायको वर्षा म्हणते, "तुमी आन् तुमचा एसी!"

आज सकाळी जाळ्या भरून झाल्या आणि मी नव्या गवतावर मगभर पाणी ओतलं. तो ओला, रानासारखा वास घरभर पसरला. लोकांना या वासाने बरं वाटतं. मला तनू साडेचार वर्षांची होती तो उन्हाळा आठवतो, आणि हातातला मग तसाच हातात राहतो.

तनू आमची एकुलती एक मुलगी. आता साडेआठ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, हे आम्हाला ती तीन पूर्ण व्हायच्या आत कळलं. कळलं, असं म्हणतो खरं. तेव्हा फक्त शब्द कळला.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे ती अडीच वर्षांची असताना, ती दिवसदिवस कूलरसमोर उभी राहायची. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरणारी पाती पाहायची. हाक मारली तरी वळायची नाही. माझ्या आईने एकदा तिच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट उलथन्याने बडवलं. शेजारच्या क्वार्टरमधून विचारायला माणूस आला, तनू हलली नाही. आणि दोन खोल्या पलीकडे वर्षाने मुरमुऱ्याची पिशवी उघडली, तर तनू धावत तिथे हजर!

"बहिरी नाई वो थे," आई वर्षाला म्हणाली. "सारं ऐकून राहिली. आपल्यालेच ऐकत नाई."

डॉक्टरांच्या आधी आईने ते सांगितलं होतं. पण आईचं ऐकायची सवय मला तरी कुठे होती?

डॉक्टरांनी नाव सांगितलं, शेजारच्या दुर्गला, मोहन नगरमधल्या एका थेरपिस्टकडे पाठवलं, आणि जाता जाता म्हणाले, घरी जे जे दिसेल ते लिहून ठेवत जा. बस, इथेच चूक सुरू झाली. चूक त्यांची नाही. त्यांना काय ठाऊक, मी इथल्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे आणि वीस वर्षं मी एकाच पद्धतीने लिहीत आलो आहे.

आमच्याकडे पाळी संपताना शिफ्ट डायरी भरतात. चार रकाने असतात: वेळ, बिघाड, काय केलं, शेरा. पुढच्या पाळीचा माणूस ती वाचून काम हातात घेतो. शेऱ्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘नॉर्मल’. आता खरं सांगायचं तर पाळी संपताना जी मशीन गप्प असते ती नॉर्मल. आवाज का थांबला, हे माहीत नसलं तरी नॉर्मल. कारण काही शंका लिहिली की कोणीतरी विचारतं, मग थांबावं लागतं, आणि घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. माझ्यानंतर पाळीवर येणारा साहू मला नेहमी टोमणा मारायचा. "भैया, आपका नॉर्मल पढ़के हमको डर लगता है. जिस मशीन पे आप नॉर्मल लिखते हो, हम सबसे पहले उसी को देखने जाते हैं." सगळे हसायचे. मीही हसायचो.

तर मी सिविक सेंटरमधून एक जाड डायरी आणली आणि तिच्यात पट्टीने चार रकाने आखले. पहिल्या पानावर लिहिलं: नाव घेतल्यावर पाहत नाही. डोळ्यात डोळे घालत नाही. पंजांवर चालते. आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे हलवते. बोट दाखवत नाही; काही हवं असेल तर माझं मनगट धरून तिथे नेते, जणू माझा हात म्हणजे पाना. चपला ओळीत लावते. बोलत नाही.

माझ्या पोटच्या पोरीबद्दल लिहीत होतो आणि रकान्याच्या डोक्यावर ‘बिघाड’ असं लिहिलेलं होतं. हे मला तेव्हा खटकलं नाही. आज ते पान उघडायची हिंमत होत नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आम्ही दोघं आळीपाळीने तिला मोहन नगरला नेत होतो. मी बाइकवर, पुढे टाकीवर तनू, तिच्या तोंडाला ओला दुपट्टा. आणि खरंच, एकेक गोष्ट बदलत गेली. साडेतीनची असताना ती हाकेला वळायला लागली. चारच्या आसपास पंजांवर चालणं थांबलं. हात हलवणं दिसेनासं झालं. आणि ती बोलायला लागली! पहिले शब्द आई-बाबा नव्हते. सकाळी येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीवरची अख्खी घोषणा तिने एके दिवशी म्हणून दाखवली, गीला कचरा, सूखा कचरा, हरा डिब्बा, नीला डिब्बा, त्याच आवाजात, त्याच खरखरीसकट. मी पेढे वाटले. पाहुणे आले की म्हणायचो, "तनू, ते कचऱ्याचं म्हण." ती म्हणायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. पाणी पाहिजे, हे मात्र ती अजूनही सांगत नव्हती, ते मी पाहतच नव्हतो.

मी एक लाल पेन आणलं होतं. जी गोष्ट गेली, तिच्यासमोर शेरा: नॉर्मल. पाखरासारख्या हातांसमोर नॉर्मल. पंजांसमोर नॉर्मल. बोलण्यासमोर तर मी दोनदा रेघ ओढली.

मोहन नगरच्या मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी एकदा माझी डायरी पाहून सांगितलं होतं, "सर, इस उम्र में चीज़ें बदलती रहती हैं. कुछ सचमुच कम होती हैं, कुछ बस शकल बदल लेती हैं. अभी जो नहीं दिख रहा, वो चार-पाँच साल की उम्र में दिखेगा, जब बच्चों के बीच बैठना पड़ेगा." मी मान डोलावली. ‘कुछ सचमुच कम होती हैं’ एवढंच घेऊन घरी आलो.

ती सव्वाचार वर्षांची झाली त्या फेब्रुवारीत शाळेचा फॉर्म भरायचा होता. शेवटून दुसरा रकाना होता, बच्चे के बारे में कोई विशेष जानकारी. मी लिहिलं, ‘नहीं’.

वर्षा माझ्या खांद्यावरून पाहत होती. "आन् मंग शाळेत समजलं तं?"

"काय समजंल? बोलून राहिली ना आता. पाहून राहिली. चालून राहिली."

"मॅडमले तरी विचारा एक डाव."

"मॅडम तं म्हणणारच, येत रहा म्हणून."

त्या दिवसापासून मी मोहन नगरही बंद केलं. वर्षाला सांगितलं, शाळा आणि थेरपी दोन्ही तिला झेपणार नाही. खोटं होतं ते. मला झेपत नव्हतं. मला ते पान मिटायचं होतं. पाळी संपल्यावर दुपारी दोन वाजता हेल्मेट डोक्यावर चढवून पुन्हा दुर्ग गाठायचं, याचा मला वीट आला होता, आणि तो वीट मी ‘नॉर्मल’च्या मागे लपवला.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली आणि घरात काय सुरू झालं ते कसं सांगू! "आज कौनसा वार है?" सोमवार. "आज कौनसा वार है?" तनू, सोमवार. "आज कौनसा वार है?" मी गप्प राहिलो की ओरडायची, मंगळवार म्हटलं की रडायची, म्हणजे उत्तर तिला ठाऊक होतं. शाळेत जायचा रस्ता जुनवानीच्या वळणावरूनच हवा. एकदा तिथे खोदकाम होतं म्हणून मी दुसरीकडून बाइक घातली, तर ती भर रस्त्यात उतरून आडवी झाली. मागे ऑटोंची रांग, हॉर्न, आणि एक बाई स्कूटीवरून मला सांगतेय, "भैया, दो थप्पड़ लगाओ, सुधर जाएगी." घरी कोणी आलं की नमस्कार नाही, चमस्कार नाही, थेट प्रश्न, "आपके कूलर में तीन पाती है कि चार?" त्याने चार सांगितलं की पुन्हा, "तीन पाती है कि चार?" शाळेतून चिठ्ठी, रांगेत उभं न राहणाऱ्या मुलांना ढकलते. दुसरी चिठ्ठी, इतर मुलांच्या शेजारी बसून खेळते, त्यांच्याशी खेळत नाही. कूलर चार वाजता म्हणजे चार वाजता. पाच मिनिटं आधी नाही, नंतर नाही.

मी यातलं एक अक्षर डायरीत लिहिलं नाही. का लिहू? डायरीत अडीच वर्षांच्या मुलीची यादी होती, आणि त्या यादीतलं यात काहीच नव्हतं. हे ऑटिझम नाही, हे लाड आहेत, असं मी ठरवून टाकलं. आईने बिघडवली, वर्षाने बिघडवली, मोबाइलने बिघडवली. माझं नाव त्या यादीत कुठेच नव्हतं.

आणि मग कूलरचा पंप जळला.

रविवार होता. मी सिविक सेंटरला जाऊन नवा पंप आणला, बसवला, आणि बरोबर चार वाजता, तनूच्या वेळेवर, बटण दाबलं. मला वाटलं, चला, एक काम तरी मनासारखं झालं. जुना पंप जाडसर घुमायचा. नव्याचा आवाज बारीक होता, सुईसारखा. मला तो जेमतेम ऐकू येत होता. तनू आतून कानांवर हात दाबून धावत आली आणि असं किंचाळली की आईच्या हातातली ताकाची वाटी सांडली. मी कूलर बंद केला. चार वाजले होते आणि कूलर बंद, म्हणून ती आणखी किंचाळली. चालू केला, किंचाळली. बंद केला, डोकं पलंगाच्या कडेवर आपटायला लागली. चालू, बंद, चालू, बंद. अर्धा तास! घामाने माझा शर्ट अंगाला चिकटलेला, खिडकीत शेजारची तोंडं, वर्षा तिला धरायला बघतेय आणि ओरबाडे काढून घेतेय.

"बंद कर हे नाटक!" मी ओरडलो आणि तिच्या थोबाडीत मारली.

ती थांबली. एकदम, जशी मशीन थांबते. जमिनीवर बसली, दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर बसली, आणि म्हणायला लागली, "हात खाली. तनू, हात खाली. शाब्बास. हात खाली. तनू, हात खाली. शाब्बास."

तो आवाज माझा होता. कचऱ्याच्या गाडीचा जसा हुबेहूब काढायची तसाच हुबेहूब माझा. ‘शाब्बास’मधला तो अधीर हेलसुद्धा माझाच.

तिचे ते पाखरासारखे हात गेले नव्हते. वर्षभर ती आनंदाने हात हलवायला लागली की मी म्हणत होतो, हात खाली. लोकांसमोर म्हणत होतो, दुकानात म्हणत होतो, बाइकवर पाठीमागून म्हणत होतो. ती हातांवर बसायला शिकली, आणि मी लाल पेनाने लिहिलं, नॉर्मल.

आई पलंगावरून उठली. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटमध्ये लागले तेव्हा ती इथे, हिंदी मुलखात आली. पन्नास वर्षं झाली, पण रागावली की अजून त्याच गावची असते. "मारून मोटर चालते का रे तुयी?" ती मला म्हणाली. "चाल, हो बाजूले." कोपऱ्यात मी फेकलेला जुना, जळका पंप तिने उचलला, पदराने पुसला आणि तनूसमोर जमिनीवर ठेवला. तिच्या अंगाला हात लावला नाही. तिथेच, जरा दूर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तनूने मांडीखालचा एक हात काढला आणि तो पंप कुशीत ओढला. मग दुसरा काढला. तळव्यांवर फरशीच्या रेघा उठल्या होत्या.

सोमवारी मी पाळी बदलून घेतली आणि डायरी घेऊन मोहन नगरला गेलो. मॅडमनी पानं उलटली. "ये लाल वाला किसने लिखा?"

"मैंने."

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "और अब क्या-क्या है?" मी सवयीने ‘काही नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि मग वार, जुनवानीचं वळण, तीन पाती की चार, चार वाजताचा कूलर, पंपाचा आवाज, सगळं सांगत बसलो. शेवटी थोबाडीत मारल्याचंही सांगितलं. त्या लिहून घेत होत्या, नव्या पानावर, रकाने न आखता. त्या म्हणाल्या, दोन वर्षांच्या मुलाची यादी पाच वर्षांच्या मुलाला लावायची नसते. ती बोलायला लागली, ही खरी प्रगती आहे, ती तुमच्या डोळ्यांचा भास नाही. पण आता बोलणं आहे म्हणून बोलण्यातली अडचण दिसतेय. आता शेजारी मुलं आहेत म्हणून मुलांमधली अडचण दिसतेय. वार पुन्हा पुन्हा विचारते, कारण शाळा नवीन आहे, दिवस हातातून सुटतोय, आणि उत्तर तेच आलं की तिला जरा धीर येतो. "और हाथ," त्या थांबल्या. "हाथ मत रोकिए, सर."

बाहेर येऊन मी बाइकवर बसलो. तिथूनच शाळेकडे निघालो.

शाळेत गेलो तर तिथला बाबू म्हणाला, "फॉर्म जमा हो गया भैया, अब काटा-पीटी नहीं होगी." मी म्हणालो, जोडपत्र लावा. म्हणाला, जोडपत्राचा नियम नाही. त्या माणसाशी मी एक तास वाद घातला! आयुष्यात कुठल्या कागदासाठी इतका भांडलो नाही. शेवटी वर्गशिक्षिका बाहेर आल्या आणि त्यांनी माझं दीड पानाचं पत्र उभ्या उभ्या वाचलं. "आपने पहले क्यों नहीं बताया?" त्यांनी विचारलं. त्यांनी तनूला दाराजवळची जागा दिली, रोजचा वार फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन वर्षांनी ती शाळा सुटलीच. पण तिथे असेपर्यंत ती हातांवर बसत नव्हती.

थेरपी बंद होती ते दोन-अडीच महिने तिच्या वयाच्या मानाने किती मोठे होते, याचा हिशोब मला कोणी सांगत नाही. मॅडमही नाही. विचारलं की म्हणतात, आगे देखिए, सर. पुढे पाहतोच आहे. पण पुढे पाहायचं म्हणजे तरी काय? हात समजले तोवर कान आले, कान समजले तोवर प्रश्न आले. प्रश्नांना उत्तर देण्याचा संयम कसाबसा अंगी आला, तर आता प्रश्नच बंद झालेत आणि ती दार लावून एकटी बसते. मधे तिने विचारलं, "बाबा, मलेच इतका राग कावून येते?" मी अजून मागच्याच धड्यावर आहे आणि ही पुढच्या वर्गात गेलेली.

तर आज सकाळचं. जाळ्या भरल्या, पाणी ओतून पाहिलं, टबात पाणी भरलं आणि बटण दाबलं. पाती फिरली, पाणी वर चढलं नाही. तोच पंप, चार वर्षांपूर्वी आणलेला, ज्याच्या आवाजाची तनूला हळूहळू सवय झाली होती, तो संपला. मी कपाळावर हात मारला. दुपारच्या आत सिविक सेंटरला जाऊन नवा आणला. पण बसवला नाही. डब्यासकट तनूच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "जुना पंप गेला. हा नवा आहे. याचा आवाज वेगळा राहील."

तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "आधी बादलीत लावून दाखव."

व्हरांड्यात बादली भरली, पंप बुडवला, वायर लांब ओढून लावली. ती दारात उभी राहिली. दोन्ही कानांवर हात. मग एक हात काढला. पाण्याची धार बादलीत गोल फिरत होती, आणि तिचे हात सुटले, हलायला लागले, भराभरा, कोपरापासून. मी पंप चालूच ठेवला.

"बारीक आवाज आहे," ती म्हणाली.

"हो."

"आज नको. उद्या."

"तनू, बेचाळीस डिग्री आहे आज."

"उद्या चार वाजता."

"अगं आजीला बघ, आजीला किती..."

"ऐक बाप्पा तिचं," डोक्यावर ओला दुपट्टा घेतलेली आई आतून म्हणाली. "मी का मेण हावो विरघळाले?"

वर्षाने माझ्याकडे पाहून फक्त सुस्कारा टाकला आणि ताक घुसळायला घेतलं. मी वैतागलो, खोटं कशाला सांगू. भरलेलं गवत वाळून चाललं होतं, सबंध रविवार कूलरमागे गेला होता, आणि तो कूलर चालवायचा नव्हता. पण मी वायर काढली, गुंडाळली, पंप डब्यात ठेवला.

आता आम्ही चौघं ताकाचे ग्लास घेऊन बंद कूलरसमोर बसलो आहोत. छतावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलतोय. कुसळं पाठीला टोचताहेत. तनूने डबा मांडीवर घेतला आहे आणि झाकणाला कान लावून बसली आहे, जणू तो न चालताही ऐकू येतोय. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आहेत. उद्या चार वाजायला पंचवीस तास आहेत.